ताप गेला, पण पाय का सुजला?

 

पावसाळा सरत आला आहे. गेल्या दोन महिन्यांत कुणाच्या घरी ताप आला नाही, असे घर शोधून सापडायचे नाही. कुणाला फ्लू झाला, कुणाला डेंगू, कुणाला कसला ताप तेच कळले नाही. चार-सहा दिवसांनी ताप उतरला, तोंडाला चव आली की आपण म्हणतो, "सुटलो बाई एकदाचे." लगेच पदर खोचून कामाला लागतो. आज आम्ही बोलणार आहोत ते ताप उतरल्यानंतरच्या दिवसांबद्दल. त्या दिवसांत काही जणींच्या शरीरात रक्ताची गुठळी होते. वेळेवर ओळखली तर तिच्यावर उपचार आहेत. ओळखली नाही तर ती जीव घेते.

हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच गटातल्या एका ताईमुळे शिकलो. नाव न घेता सांगा, असे ती म्हणाली, म्हणून नाव घेत नाही.

आमच्या हातून काय झाले

२०२१ सालचा मे महिना होता. कोरोनाची दुसरी लाट. ताईला ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. आजार सौम्य होता, दवाखान्यात भरती व्हावे लागले नाही. चौदा दिवस ती घराच्या एका खोलीत पडून होती. नंतर बरी झाली, चुलीपुढे बसू लागली. आठवडाभराने तिची डावी पोटरी दुखायला लागली. आम्ही भेटायला गेलो तर पाय सुजलेला. आम्ही काय म्हणालो? "पडून पडून शीर आखडली असेल." एकीने एरंडेल गरम केले, दुसरीने पोटरी चांगली रगडून दिली, तिसरीने विटेचा शेक दिला. दोन दिवस हेच चालले होते. ताईला धापही लागत होती. त्यावर आमचे उत्तर ठरलेले: "आजारातून उठलीस, विकनेस आहे. खात जा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी घासता घासता ती कोसळली. श्वास घेता येईना, छातीत कळ येत होती, ओठ काळेनिळे पडले होते. शेजारची जीप मिळाली, पण हातात पैसे नव्हते. गटाची शिल्लक सचिवताईकडे होती. ठराव नाही, अध्यक्षा माहेरी गेलेली, सह्या कुणाच्या घ्यायच्या? या विचारात अर्धा तास गेला. शेवटी सचिवताईने स्वतःच्या जबाबदारीवर पैसे दिले आणि जीप निघाली.

तालुक्याहून जिल्ह्याला पाठवले. तिथे पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा सी.टी. स्कॅन झाला. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला होता. डॉक्टरांनी विचारले, "पाय चोळला होता का कुणी?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. चोळल्यामुळेच तुकडा सुटला, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. तसे खात्रीने सांगता येत नाही, असेच म्हणाले. पण अशा पायाला कधी चोळू नये, हे मात्र त्यांनी निक्षून सांगितले. ताई वाचली. सहा महिने गोळ्या घेतल्या. आज ती आमच्याबरोबर बैठकीला येते. तरी त्या पायाला तेल आमच्याच हातांनी लागले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. ते हात प्रेमाचे होते, पण माहिती नव्हती. ती माहिती तुमच्यापर्यंत पोहोचावी, म्हणून आजचे हे बोलणे.

गुठळी म्हणजे काय, आणि ती का होते?

'गाठ' म्हटले की आपल्याला कॅन्सर आठवतो. ही ती गाठ नव्हे. विळीवर बोट कापले तर रक्त वाहते आणि थोड्या वेळाने गोठून थांबते. रक्ताचा हा गुण देवाची देणगीच आहे. तो नसता तर प्रत्येक बाळंतपणात बाईचा जीव गेला असता. अडचण होते ती जखम नसताना शिरेच्या आतच रक्त गोठते तेव्हा.

असे का होते, याची तीन कारणे डॉक्टर सांगतात. जर्मनीतले रुडॉल्फ विरशॉ नावाचे डॉक्टर एकोणिसाव्या शतकातच या प्रश्नाच्या मागे लागले होते. म्हणून या तीन कारणांना आजही त्यांचे नाव आहे. त्यांचा जन्म १३ ऑक्टोबरचा, आणि त्याच तारखेला जगभर रक्ताच्या गुठळीविषयी जागृतीचा दिवस पाळतात.

आपण दही लावतो, त्यावरून ही कारणे समजून घेऊ. दुधाला विरजण लागते, भांडे एका जागी स्थिर लागते, आणि आधी कशाकशाला वापरलेले अस्वच्छ भांडे असेल तर दूध नको तेव्हाही नासते. रक्ताचेही जवळजवळ असेच. पहिले कारण, रक्तात गोठवणारे घटक वाढतात. दुसरे, रक्ताचा प्रवाह मंदावतो. तिसरे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते.

आता विषाणूचा ताप काय करतो बघा. विषाणूशी लढताना शरीरात दाह होतो, आणि त्या दाहात रक्त गोठवणारे घटक वाढतात. कोरोनाच्या आजारात रक्तवाहिनीच्या अस्तरालाही इजा पोहोचते. वर आपण आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळतो, पाणी कमी पितो, म्हणजे प्रवाह मंदावतो. तिन्ही कारणे एकाच वेळी हजर. ताप उतरतो तेव्हा आतला दाह लगेच शांत झालेला नसतो. चूल विझली तरी राखेखाली निखारा राहतो, तसे हे आहे.

आणि गुठळी पायातच जास्त का होते? पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे असते. ते काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी म्हणजे आपल्या पायातला हापसा आहे. चालताना प्रत्येक पावलाला तो हापसला जातो आणि रक्त वर चढते. हापसा हलवलाच नाही तर पाणी जागचे हलत नाही. पडून राहिलेल्या माणसाच्या पायात तसेच होते.

हे किती जणांना होते?

घाबरू नका. ताप आलेल्या प्रत्येकीला हे होत नाही. स्वीडन देशात कोरोना झालेल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या आणि कोरोना न झालेल्या चाळीस लाख लोकांशी ताडून पाहिल्या. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आजार झाल्यावर पहिल्या महिन्यात दर दहा हजारांत सुमारे १७ जणांच्या फुप्फुसात गुठळी झाली होती. आजार न झालेल्यांत हे प्रमाण दहा हजारांत एकही भरत नव्हते. पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने टिकला. ज्यांना दवाखान्यात भरती व्हावे लागले, त्यांना धोका फार जास्त होता. पण घरीच बरे झालेल्यांनाही तो थोडा वाढलेलाच होता. आमची ताई घरीच बरी झालेल्यांतली.

फक्त कोरोनाच असे करतो असेही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्यात सुमारे सहा पट आढळला. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की झटका येतो आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की लकवा मारतो. घरात आधीच रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास असलेले सासू-सासरे असतील, तर ताप उतरल्यावरही काही दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवा.

आपल्या बायकांना जास्त जपायला हवे ते कुठे?

पहिली बाळंतीण. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर दीड महिना रक्त मुळातच जास्त गोठण्याकडे झुकलेले असते. सिझर झाले असेल तर अधिकच. नेमक्या याच सव्वा महिन्यात आपण तिला बाजेवरून उठू देत नाही. पोट सुटेल म्हणून पाणीही मोजून देतो. सासूबाई, तुमची माया आम्हाला मान्य आहे. पण बाळंतिणीला भरपूर पाणी द्या, घरातल्या घरात चालू द्या. त्यात तिला ताप येऊन गेला असेल तर दुप्पट लक्ष द्या. तिचे डोके कधी नव्हे इतके दुखू लागले, दिसायला अंधुक झाले किंवा फिट आली, तर बाहेरचे काही असेल म्हणत थांबू नका. मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली तर असे होते. तिला लगेच दवाखान्यात न्या.

दुसरी पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणारी. माला-एनसारख्या गोळ्यांत असे संप्रेरक असते की त्याने गुठळीचा धोका थोडा वाढतो. गोळ्या मनाने बंद करू नका, नको असताना दिवस जातील. पण मोठ्या आजारातून उठला असाल तर नर्सताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, "मी या गोळ्या घेते." गरज असेल तर ते दुसरे साधन सुचवतील.

तिसरी लांबच्या प्रवासाला निघालेली. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये सामानावर पाय दुमडून तासन्‌तास बसतात. लघवीला उतरावे लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. नुकताच ताप येऊन गेलेली बाई त्यात असेल तर मुकादमाला ठणकावून सांगा, दर दोन तासांनी गाडी थांबव. खाली उतरून पाच मिनिटे चाला.

याशिवाय ज्यांना आधी कधी गुठळी झाली आहे, ज्यांचे वजन फार आहे, कॅन्सरचा उपचार चालू आहे किंवा नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांनीही सावध राहावे.

ओळखायचे कसे?

हे नीट ऐका, जमले तर लिहून घ्या.

पायातली गुठळी: एकच पाय सुजतो. पोटरी किंवा मांडी दुखते, हात लावला तर तो भाग गरम लागतो, कातडी ताणलेली, चकचकीत किंवा लालसर-काळपट दिसते. चालताना दुखणे वाढते. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर कारण बहुधा वेगळे असते. तीही दाखवायची, पण एकाच पायाची सूज त्याच दिवशी दाखवायची.

गटातल्या कुणाकडे शिवणकामाची टेप असतेच. पोटरी जिथे सगळ्यात जाड असते तिथे, दोन्ही पायांना सारख्याच उंचीवर माप घ्या. एक पाय तीन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर ती मोठी खूण समजा. माप कमी भरले पण दुखणे आहे, तरीही दाखवा. टेप डॉक्टरांच्या जागी नाही.

फुप्फुसातली गुठळी: एकाएकी धाप लागते. दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येते. छाती धडधडते, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो. कधी खोकल्यातून रक्त पडते. इथे उद्याची वाट पाहायची नाही. त्याच मिनिटाला १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

लकवा: तोंड एका बाजूला वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

आता विकनेस आणि गुठळी यांत फरक कसा करायचा? आजारानंतरचा अशक्तपणा सगळ्या अंगाला असतो आणि दिवसागणिक थोडा थोडा कमी होतो. गुठळीचे दुखणे एका जागी असते आणि वाढत जाते. काल आडावर जाऊन आलेल्या बाईला आज ओटा चढताना धाप लागली, तर तो विकनेस म्हणून सोडून देऊ नका.

काय करायचे, काय नाही

ताप उतरला की घरातल्या घरात चालायला लागा. पडूनच राहावे लागले तर दर तासाला पावले वरखाली करा, घोटे गोल फिरवा. तेवढ्यानेही हापसा हलतो. पाणी, ताक, पेज पीत राहा.

सुजलेला पाय चोळू नका, रगडू नका. मांत्रिकाकडे किंवा हाडवैद्याकडे उतरवायला नेऊ नका. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे बोला: "मला इतक्या दिवसांपूर्वी ताप येऊन गेला." नुसते "पाय दुखतोय" म्हटले तर दुखण्याची सुई मिळेल आणि मूळ कारण राहून जाईल.

डॉक्टर पायाची डॉपलर सोनोग्राफी सांगतील. कधी रक्ताची डी-डायमर नावाची तपासणी सांगतील. कोरोनाच्या काळात अनेकांनी ही तपासणी आपल्या मनाने करून घेतली आणि आकडा वाढलेला पाहून धसका घेतला. कुठल्याही तापानंतर, गरोदरपणात आणि वाढत्या वयात हा आकडा वाढू शकतो. एकट्या आकड्यावरून गुठळी ठरत नाही. ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

आणखी एक महत्त्वाचे. हे ऐकून कुणी दुकानातून रक्त पातळ करण्याची गोळी आणून खाऊ नका. डेंगूमध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. त्यात ॲस्पिरिनसारखी गोळी घेतली तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. लसणाच्या पाकळ्यांनी झालेली गुठळी विरघळत नाही. जेवणात लसूण जरूर खा, पण त्याच्या भरवशावर दवाखाना टाळू नका.

गुठळीचे निदान झाले तर सुरुवातीला बहुधा इंजेक्शने, मग गोळ्या देतात. त्या सहसा निदान तीन महिने घ्याव्या लागतात. पाय उतरला म्हणून मध्येच सोडू नका. या गोळ्या चालू असताना पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकते. लाज न धरता डॉक्टरांना सांगा. शौचास काळी झाली, लघवीतून रक्त आले, हिरड्यांतून रक्त थांबेना, तर लगेच दाखवा. दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. वॉरफेरिन नावाची गोळी असेल तर ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि पालेभाज्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाव्या लागतात. दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, कारण ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. अशा वेळी डॉक्टर दुसरे औषध देतात.

लसीबद्दलही बैठकीत विचारणा होते: "कोविशील्ड घेतली होती, आता गुठळी होईल का?" त्या लसीने गुठळी होण्याचा प्रकार खरा आहे, पण अतिशय विरळा. आणि तो लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसून येतो. वर्षे उलटून गेल्यावर ती भीती मनात बाळगू नका.

गटाने काय करायचे?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. ते वहीत राहू नये म्हणून आम्ही आमच्या गटात दोन गोष्टी सुरू केल्या.

एक, बैठकीत बचत गोळा झाली की तीन प्रश्न विचारतो. गेल्या तीन महिन्यांत कुणाच्या घरी कुणी तापाने पडून होते का? त्यांचा एक पाय सुजला किंवा दुखतो आहे का? पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागते आहे का? उत्तर हो आले की त्याच दिवशी आशाताईंना कळवतो आणि गटातली एक जण सोबत दवाखान्यात जाते. बाई एकटी असली की "उद्या जाईन" म्हणते, हे आम्हाला आमच्यावरूनच माहीत आहे.

दोन, आम्ही एक ठराव आधीच लिहून ठेवला आहे. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा अध्यक्षा, सचिव, कोषाध्यक्षा यांपैकी कोणत्याही एकीने फोनवर दुसरीची संमती घेऊन तीन हजार रुपयांपर्यंत लगेच द्यावेत. कर्जाचे कागद नंतरच्या बैठकीत होतील. त्या ठरावावर सगळ्यांच्या सह्या आहेत आणि पहिली सही आमच्या त्या ताईची आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीच्या सुनेचा, बाराव्या दिवसाच्या बाळंतिणीचा, उजवा पाय सुजला. सासूबाईंनी तेलाची वाटी हातात घेतली होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि आम्हाला फोन केला. सोनोग्राफीत लहानशी गुठळी निघाली. आज ती मुलगी बाळासह घरी आहे, औषध चालू आहे. त्या घरी जीप निघायला दहा मिनिटे लागली.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटाच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न विचारा आणि तो ठराव लिहून काढा. कुणाचा एक पाय सुजलेला दिसला, तर तेल राहू द्या, गाडी बोलवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर जपा. नमस्कार.